कुंकळ्ळी, 1583: मारणाऱ्यांना वीर म्हणायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. मडगावहून नववी-दहावीच्या मुलांना घेऊन तुम्ही कुंकळ्ळीला इतिहासफेरी काढणार आहात. 15 जुलै 1583 रोजी या गावात पाच जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचे मिशनरी, मारले गेले आणि नंतर पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना ठार केलं. फेरीत हिंदू मुलं आहेत, ख्रिस्ती मुलं आहेत, काही पालकही येणार आहेत. तुमच्या हातातल्या एका मजकुरात ‘हत्याकांड’ आहे, दुसऱ्यात ‘भारताचा पहिला स्वातंत्र्यलढा’. मुलांना काय सांगायचं, आणि निवाडा टाळून नुसत्या दोन्ही बाजू सांगितल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते चालणार नाही. संग्रहालयांचे आणि स्थळांचे फलक लिहिण्यात, वाटाडे तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. ‘एका बाजूचं मत असं, दुसऱ्या बाजूचं तसं’ असं सांगून थांबलं की ऐकणारा घरून आणलेलं मत तसंच परत घेऊन जातो. निवाडा द्यावाच लागतो. फक्त तो एका दिवसाचा देऊ नका, आणि सगळ्यांसाठी मिळून एकच देऊ नका. गावाला प्रतिकाराचा हक्क होता का, हा एक निवाडा. त्या दिवशी त्या हातांनी जे जे केलं ते सगळं योग्य होतं का, हा दुसरा. आणि बदला म्हणून राज्यकर्त्यांनी जे केलं त्याचा तिसरा. या तिन्हींची सरमिसळ झाली की पहिल्या वाक्यापासून भांडण सुरू होतं.

घटनाक्रम 15 जुलैपासून सुरू करू नका. ‘हत्याकांड’ सांगणारे मजकूर तिथून सुरू होतात आणि तिथेच निकाल लागून जातो: निःशस्त्र पाद्री आले, जमाव चालून आला, पाद्री मेले. सुरुवात किमान 40 वर्षं मागे न्या. सासष्टी (कुंकळ्ळी यातच येते) आणि बारदेश हे दोन महाल 1543 मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून पोर्तुगिजांकडे आले. पुढे धर्मप्रसारासाठी बारदेश फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या आणि सासष्टी जेझुइटांच्या वाट्याला गेली. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. 1567 मध्ये राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दिओगो रोद्रिगीश याने सासष्टीतली देवळं पाडण्याची मोहीम चालवली. नोंदीतला आकडा सुमारे 280 देवळांचा आहे. मुलं मंगेशीला, म्हार्दोळला, कवळ्याला जाऊन आलेली असतातच. कुठ्ठाळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा, केळशीची शांतादुर्गा हे देव आज फोंड्यात का आहेत, एवढं त्यांना विचारा. फोंडा तेव्हा पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होता म्हणून. एवढ्या एका प्रश्नाने 1583 ची पार्श्वभूमी मुलांच्या हातात येते, तुम्हाला वेगळं भाषण करावं लागत नाही.

देऊळ पडणं म्हणजे फक्त मूर्ती जाणं नव्हतं, हेही सांगायला हवं, कारण दोन्ही प्रकारच्या मजकुरांत हेच सुटतं. गावाची जमीन गांवकारीची, म्हणजे गांवकर घराण्यांच्या सामायिक मालकीची. देवाच्या जमिनी त्याच व्यवस्थेत. पुजारी, वाजंत्री, देवळाचे कारागीर, उत्सवाचे मानकरी या सगळ्यांची पोटं त्या उत्पन्नावर. देवळं पाडल्यावर त्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे आणि पाद्र्यांच्या कामाकडे वळवलं गेलं. त्यामुळे गावात क्रूस रोवला जाणं म्हणजे उद्या जमीन, मान आणि गावच्या बैठकीतली जागा कोणाची, याचा निकाल होता. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडा या पाच गावांनी सारा द्यायचं नाकारलं. त्यावर लष्करी मोहिमा आल्या, घरं-देवळं जाळली गेली. त्या मोहिमांसोबत पाशेको आणि बेर्नो हे जेझुइट होते. पुढे 15 जुलैला गावात आलेल्या पाचांत हे दोघे होते.

आता तो दिवस. तो नीट सांगा, गुळमुळीत करू नका. पाद्री ओर्लीच्या चर्चमध्ये जमले आणि तिथून कुंकळ्ळीला आले. क्रूस उभारायचा आणि चर्चसाठी जागा बघायची, हा हेतू. प्रमुख होता रुदोल्फ आक्वाविवा, इटलीतल्या आत्रीच्या ड्यूकचा मुलगा, वय तेहतिशीच्या आत. याच माणसाने 1580 ते 1583 फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात काढली होती. बाकीचे आफोन्सो पाशेको, पिएत्रो बेर्नो, अंतोनियो फ्रान्सिस्को आणि बंधू (पाद्री नसलेला संघाचा सभासद) फ्रान्सिस्को आरान्या. बरोबर गोन्सालो रोद्रिगीश नावाचा एक पोर्तुगीज गृहस्थ आणि काही स्थानिक ख्रिस्ती. गावाने बैठक घेतली आणि लोक हत्यारं घेऊन आले. रोद्रिगीशने बंदूक उचलली तेव्हा पाशेकोने त्याला थांबवलं: आपण लढायला आलेलो नाही. मग त्याने जमावाला कोकणीत, भिऊ नका, असं म्हटलं. त्यानंतर सगळे मारले गेले. प्रेतं विहिरीत टाकली.

पाशेकोने बंदूक थांबवली हा तपशील ‘स्वातंत्र्यलढा’ सांगणारे बहुधा गाळतात. तोच पाशेको आधी जाळपोळीच्या मोहिमेसोबत होता हा तपशील ‘हौतात्म्य’ सांगणारे गाळतात. तुम्ही दोन्ही एकाच दमात सांगा. पंधरा वर्षांच्या मुलाला हे पेलतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार सहज पेलतं.

या सगळ्यात दोन नावं मी कधीच गाळत नाही. पाच जेझुइट आणि रोद्रिगीश यांच्याखेरीज 14 स्थानिक ख्रिस्ती मारले गेले. त्यांतला एक दोमिंगो, कुंकळ्ळीचाच मुलगा, राशोलला शिकणारा. आधीच्या मोहिमांत गावातली देवळं कुठे आहेत हे त्याने पाद्र्यांना दाखवलं होतं. त्याला त्याच्या सख्ख्या काकाने मारलं. दुसरा आफोन्सो, पाशेकोचा सेवेकरी पोर, त्याचं प्रार्थनेचं पुस्तक हातात धरून चालणारा. त्याचे हात तोडले, पळू नये म्हणून पाय तोडले. तो दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होता, मग त्याला मारलं.

इथे माझा निवाडा स्पष्ट आहे आणि तो मी मुलांसमोर तसाच मांडतो. ज्यांची देवळं जाळली, जमिनी काढून घेतल्या, दाद मागायला ज्यांना दार ठेवलं नाही, त्या गावाला हत्यार उचलण्याचा हक्क होता. त्या हक्कात आफोन्सोचे हात तोडण्याचा हक्क येत नाही. दोमिंगोने केलं ते गावाशी द्रोह होता असं काकाला वाटलं असेल, आणि मला ते वाटणं कळतं. पण तो मुलगा होता, आणि ज्या सत्तेच्या शाळेत तो शिकत होता तिने त्याला मोहिमेत वाटाड्या केलं, हा दोष आधी तिचा आहे. पहिलं वाक्य दुसऱ्याला खोडत नाही. दुसरं म्हटल्याने आपण वसाहतवाद्यांच्या बाजूला गेलो, अशी भीती बाळगायचं कारण नाही.

दोमिंगो आणि आफोन्सो यांच्याकडे लक्ष वेधण्याचं आणखी एक कारण आहे. 1893 मध्ये पोप लिओ तेराव्यांनी कुंकळ्ळीच्या हुतात्म्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्या यादीत पाच जेझुइट आहेत, 14 स्थानिक ख्रिस्ती नाहीत. इकडे प्रमुखांचं स्मारक करणाऱ्यांच्या कथेतही ते नाहीत, कारण ते ‘दुसऱ्या बाजूचे’. दोन्ही आठवणींनी त्यांना बाहेर ठेवलं. आणि या गावच्या आजच्या लोकांच्या सर्वांत जवळचे बहुधा तेच होते: तिथलेच, एक पाय जुन्या घरात आणि एक नव्या धर्मात असलेले.

तिसरा निवाडा असोळण्याचा. पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारलं. परंपरा सांगते, 16 जण गेले, 15 मेले, एकजण साळ नदीत उडी टाकून निसटला. हा न्याय नव्हता. आरोप ठेवला नाही, साक्ष घेतली नाही. ज्या राज्याकडे किल्ला, तोफा, न्यायाधीश आणि लेखनिक सगळं होतं, त्याने बोलणीचं निमित्त करून माणसं मारली. जमावाने रागात केलेल्या कृत्यापेक्षा सत्तेने थंड डोक्याने केलेलं कृत्य मी जास्त कडक मोजतो. पुढे या गावांच्या जमिनी जप्त झाल्या. असोळणे, वेळ्ळी आणि आंबेली शेवटी जेझुइटांच्याच हाती गेली आणि 1759 मध्ये त्यांना पोर्तुगीज मुलखातून हाकललं जाईपर्यंत तिथेच राहिली. कुंकळ्ळी-वेरोड्याचं उत्पन्न पोर्तुगालमधल्या फ्रोंतेरा घराण्याकडे गेलं. जमीन कोणाकडे गेली हे बघितलं की धर्माच्या भाषेत सांगितलेल्या अर्ध्या गोष्टीचा उलगडा होतो.

आपल्याला हे सगळं कळतं ते मुख्यतः जेझुइटांच्या पत्रांमधून. त्यांतला एक पत्रलेखक मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. इंग्लंडमधून 1579 मध्ये गोव्यात आलेला थॉमस स्टीफन्स. 24 ऑक्टोबर 1583 ला त्याने आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात या पाच सोबत्यांच्या मृत्यूची हकिकत आहे. त्याच पत्रात तो इथल्या भाषांचं ग्रीक-लॅटिनशी साम्य दिसतं असंही लिहितो. पुढे 33 वर्षांनी, 1616 मध्ये, त्याचं ख्रिस्तपुराण राशोलला छापलं गेलं: सासष्टीच्या नवख्रिस्ती लोकांसाठी, ओवीत, मराठीत. आपण शाळेत त्याची मराठीची स्तुती शिकतो, पण तो कोणत्या सासष्टीत बसून लिहीत होता हे शिकत नाही. फेरीत हे जरूर सांगा. मिशनरी म्हणजे एकाच साच्याची माणसं नव्हती, हे त्यातून मुलांना दिसतं. मात्र ‘बघा, त्यांनी आपल्या भाषेची केवढी सेवा केली’ असं म्हणून पडलेल्या देवळांचा हिशेब मिटवू नका. ओव्या लिहायची गरज पडली ती जुनी पुराणं लोकांच्या हातून गेली होती म्हणून.

पत्रं एकाच बाजूची आहेत म्हणजे खोटी आहेत असं नाही. दोमिंगोने देवळं दाखवल्याचं आपल्याला त्यांच्याच बाजूने लिहिलेल्या मजकुरातून कळतं. पण पत्रं कशासाठी लिहिली गेली ते पाहा. एखाद्याला चर्चने हुतात्मा ठरवायचं तर तो श्रद्धेच्या द्वेषापोटी मारला गेला हे दाखवावं लागतं. मग सारा, जमीन, जाळलेली घरं ही कारणं मागे सरकतात आणि फक्त ‘द्वेष’ उरतो. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतरच्या लेखनात उलट झालं. तिथे परकीय राजवटीविरुद्धची एकदिलाची लढाई उरली आणि तोडलेले हातपाय मागे सरकले. दोघांनी वापरलेली कागदपत्रं एकच.

‘पहिला स्वातंत्र्यलढा’ हा शब्दप्रयोग मी स्वतः फलकावर वापरत नाही. ‘पहिला’ म्हटलं की लगेच दुसऱ्या गावाशी, दुसऱ्या राज्याशी स्पर्धा लागते. शिवाय 1583 चे गांवकर देशासाठी लढत नव्हते. ते आपल्या गावासाठी, देवीसाठी आणि गांवकारीसाठी लढत होते, आणि ते पुरेसं मोठं आहे. गांवकर म्हणजे सगळं गाव नव्हे, हेही सांगा. गांवकारीत ज्यांना जागा नव्हती त्या जातींना त्या वर्षी काय वाटलं, हे कोणत्याच कागदात नाही. ‘संपूर्ण गाव एक होऊन उठलं’ हे वाक्य म्हणून मी खोडतो. ‘गांवकरांनी बैठक घेऊन ठरवलं’ एवढं लिहितो.

गांवकरांनी कागद ठेवले नाहीत, पण एक गोष्ट ठेवली. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली आणि आजही शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण म्हणूनच ओळखली जाते. दरवर्षी शिगम्याच्या दिवसांत ती मिरवणुकीने कुंकळ्ळीला येते, 12 वांगडांच्या, म्हणजे गांवकर कुळांच्या, छत्र्यांसोबत. कॅथलिक झालेल्या घराण्यांनाही आपला वांगड कुठला ते ठाऊक असतं. हा माझ्या दृष्टीने पत्रांइतकाच महत्त्वाचा पुरावा आहे. 1583 चा तपशील त्यातून कळत नाही. पण गाव काय हरवलं होतं आणि काय सोडायला तयार नव्हतं, हे कळतं. फेरी विहिरीपासून किंवा चर्चपासून सुरू न करता फातर्प्यापासून करा. बसने फार वेळ लागत नाही, आणि मुलं आधी देवीला आणि तिच्या रिकाम्या झालेल्या जागेला भेटतात, मग मृत्यूंना.

असंच काम दुसरीकडे कसं झालं ते पाहायचं तर अमेरिकेतलं वाइलाट्पू बघा. तिथे मार्कस व्हिटमन नावाचा डॉक्टर-मिशनरी 1836 पासून केयूस या मूळनिवासी लोकांत राहत होता. 1847 मध्ये गोवराची साथ आली. केयूस मोठ्या संख्येने मेले, गोऱ्यांची मुलं मात्र बहुतेक वाचली. ज्याच्या औषधाने रोगी मरतो त्या वैद्याचा जीव घेण्याची प्रथा त्या समाजात होती. 29 नोव्हेंबरला आणि पुढच्या काही दिवसांत व्हिटमन, त्याची पत्नी नार्सिसा आणि आणखी 11 जण मारले गेले. 1850 मध्ये पाच केयूस पुरुषांना ओरेगॉन सिटीत फाशी झाली. शंभराहून अधिक वर्षं ही गोष्ट तिथे फक्त हुतात्म्यांची होती. वॉशिंग्टन राज्याने व्हिटमनचा पुतळा वॉशिंग्टन डी. सी.ला संसदभवनात पाठवला होता. 2021 मध्ये त्याच राज्याने त्याच्या जागी बिली फ्रँक ज्युनियर या मूळनिवासी हक्कांसाठी लढलेल्या नेत्याचा पुतळा द्यायचं ठरवलं. मला त्यातून कामाला आलेली गोष्ट अशी: गोवर, वस्ती करायला लोटणारे गोरे आणि वैद्याची प्रथा हे तिन्ही सांगितल्याशिवाय तो दिवस कळत नाही. आणि तिन्ही सांगितल्यावरही मेलेले मेलेलेच राहतात, त्यांची नावं काढावी लागत नाहीत.

फलकासाठी मी असा मजकूर करीन. तुम्ही हवा तसा बदला:

‘1583 साली कुंकळ्ळीच्या गांवकरांनी पोर्तुगीज सत्तेला सारा आणि क्रूस दोन्ही नाकारले. त्याआधी सासष्टीतली देवळं पाडली गेली होती आणि या गावावर लष्करी मोहिमा झाल्या होत्या. त्यांत दोन जेझुइट पाद्रीही होते. 15 जुलैला चर्चसाठी जागा पाहायला आलेले पाच जेझुइट, एक पोर्तुगीज आणि 14 स्थानिक ख्रिस्ती इथे मारले गेले. त्यांत दोमिंगो आणि आफोन्सो हे दोन मुलगे होते. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याला बोलावून ठार केलं आणि गावाच्या जमिनी घेतल्या.’

यात ‘शूर’ नाही, ‘क्रूर’ नाही, ‘धर्मांध’ नाही, तरी निवाडा आहे. तो क्रियापदांत आणि क्रमात आहे. कोणी काय केलं हे कर्त्यासकट लिहा. ‘देवळं नष्ट झाली’, ‘प्रमुखांचा मृत्यू झाला’ असली कर्ता लपवणारी वाक्यं मी नवीन लिहिणाऱ्यांच्या मजकुरात सगळ्यात आधी शोधतो.

तारखेबद्दल एक कामाची सूचना. 15 जुलै ही तारीख जुन्या, ज्युलियन गणनेतली आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस 25 जुलै, सोमवार. काही चर्च-मजकुरांत 25 दिसेल, स्मारकाच्या कार्यक्रमात 15. चूक कोणाचीच नाही. हे आधी सांगून टाका, नाहीतर एखादा पालक त्यावरूनच सगळा मजकूर खोटा ठरवतो.

आणि पालकांबद्दल. ‘आमच्या पूर्वजांना तुम्ही खुनी म्हणताय’ असं हिंदू पालक म्हणेल, ‘आमच्या संतांना लुटारू म्हणताय’ असं ख्रिस्ती पालक म्हणेल. कुंकळ्ळीत दोघांचे पूर्वज बऱ्याचदा एकच आहेत हे दोघांनाही सांगा. प्रमुखांचं स्मारक 2003 मध्ये उभं राहिलं आणि तिथे दोन्ही समाजांचे लोक जमतात. वाद वाढला तर निवाड्यावर वाद घालत बसू नका, घटनाक्रमाकडे परत या आणि विचारा: यातली कुठली ओळ चुकीची वाटते? बहुतेक वेळा चुकीची ओळ सापडत नाही. खरोखर सापडली आणि पुरावा असला, तर ओळ बदला.

15 जुलैला मात्र फेरी ठेवू नका. त्या दिवशी गावातले लोक स्मारकाला फुलं वाहायला येतात, आणि तेव्हा 40 मुलं आणि वाटाड्याचा माईक तिथे नको. आधीचा किंवा नंतरचा शनिवार धरा. पाऊस असणारच, छत्र्या सांगून ठेवा.